अर्धं पुस्तक मळकं, अर्धं कोरं : दुष्काळात गाव सोडणारी मुलं

राजेंद्रनगरकर
इथं इंदूरला आमच्या घरासमोरच्या प्लॉटवर दिवाळीपासून बांधकाम चाललंय. वाळूच्या ढिगाशेजारी पत्रे उभे करून दोन कुटुंबं राहतात, दोन्ही झाबुआकडची. त्यातली थोरली मुलगी असेल नऊ-दहा वर्षांची. धाकटा भाऊ दिवसभर तिच्या कडेवर.

मागच्या आठवड्यात ती फाटकाशी उभी होती, म्हणून विचारलं, शाळेत जातेस का गं? पळत आत गेली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून तिसरीचं गणिताचं पुस्तक घेऊन आली. पहिली पाच-सहा प्रकरणं हाताळून काळी पडलेली, कोपरे दुमडलेले, कडेला पेन्सिलीच्या रेघोट्या. तिथून पुढे पुस्तक कोरं करकरीत. पानं एकमेकांना चिकटलेली होती, ती मी नखानं सोडवली. दुसरीचं पुस्तकही असंच होतं, म्हणाली. दिवाळी झाली की गाव सोडायचं, भगोरियाला (होळीआधीच्या भिलांच्या जत्रेला) आठ दिवस जाऊन यायचं, आणि आभाळ भरून आलं की पेरणीला घरी. म्हणजे प्रत्येक इयत्तेचा पूर्वार्ध तिला तोंडपाठ, उत्तरार्ध तिनं पाहिलेलाच नाही. हातच्याची बेरीज पटापट करते. भागाकार येत नाही, कारण भागाकार दिवाळीनंतर शिकवतात.

तिची आई सांगत होती, विहिरीला पाणी असलं की मक्यानंतर हरभरा व्हायचा, घरातलं कुणीतरी गावात राहायचं. विहीर आटली की सगळ्यांनाच निघावं लागतं, म्हातारी तेवढी मागे.

मला विचारायचंय ते एवढंच: तिला इथल्या सरकारी शाळेत घालावं का? आईला भीती आहे की गावच्या शाळेतलं नाव गेलं तर शिष्यवृत्ती जाईल. शिवाय धाकट्याला कोण बघणार? ज्यांनी दुष्काळ जवळून पाहिलाय त्यांनी सांगा. मला यातलं फारसं कळत नाही, पण ते पुस्तक डोळ्यांसमोरून हलत नाही.

पोहे_सेव_लिंबू
ताई, धागा काढलात बरं केलंत. आमच्या निपानियाकडे तर दर दुसऱ्या साइटवर अशी मुलं दिसतात. मी रोज बघतो आणि ऑफिसला निघून जातो. पुस्तक आहे का, हे विचारायचं कधी सुचलंच नाही.

सरळसोट
बारा वर्षं या शहरात बांधकामाची कामं घेतोय, म्हणून लिहितो. सगळं दुष्काळाच्या माथी मारू नका. चांगला पाऊस झाला त्या वर्षीही ही मंडळी येतात. लग्नातला दापा (मुलीकडच्यांना द्यायचे पैसे), नोतरं (कार्यातला आहेर), दारू, त्यात कर्ज वाढतं आणि मग शहर गाठावं लागतं. मुलांना बरोबर आणू नका असं मी स्वतः दहा वेळा सांगितलंय. दयेनं प्रश्न सुटणार नाही, खरं कारण शोधावं लागेल.

बालाघाटचा_पोर
सरळसोट, तुमचा मुद्दा खोटा नाही. पण चांगल्या पावसाच्या वर्षी लोक का जातात, ते मी आतून पाहिलंय.

मी ऊसतोड कामगाराचा मुलगा. आता पीथमपूरला कारखान्यात आहे. आमच्याकडे मुकादम पावसाळ्यातच येऊन उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, देतो. ज्या वर्षी बाजरी गेली त्या वर्षी घरात खायला नाही, म्हणून उचल जास्त घ्यायची. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्या कोयत्यावर ती उचल. हंगामात जेवढा ऊस तोडला त्यातून ती फिटली तर फिटली, नाहीतर राहिलेली पुढच्या वर्षाच्या डोक्यावर. पुढचं साल पाण्याचं निघालं तरी शेतात थांबता येत नाही, कारण मुकादमाचे पैसे अंगावर आहेत. पाऊस पडला म्हणून कर्ज वाहून जात नाही. दुष्काळ एका वर्षाचा असतो, त्याची फेड तीन-चार वर्षं चालते, आणि तेवढ्यात दुसरा येतो.

आम्ही दिवाळीच्या आगेमागे निघायचो, गुढीपाडव्याच्या सुमाराला परत. कोपी म्हणजे चटई आणि पाचटाचं खोपटं, आत शिरायला वाकावं लागतं. आई-दादा पहाटे तीनला फडात जायचे, बैलगाडी भरून कारखान्यावर खाली करून येईपर्यंत रात्र. मला सांभाळायला थोरली बहीण. ती माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. चौथीत होती, हुशार होती, गुरुजी घरी येऊन सांगून गेले होते की हिला थांबवा. थांबवली असती तर मला कोणी बघितलं असतं?

मी पहिलीत गेलो तेव्हा आजीनं मला गावात ठेवून घेतलं. बहीण मात्र जातच राहिली. सोळाव्या वर्षी तिचं लग्न लावलं. लग्न झालं की नवीन कोयता होतो आणि नव्या कोयत्याला स्वतंत्र उचल मिळते. हे कुणी उघड बोललं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं. त्या वर्षी आमच्या गावात पिण्याचं पाणीसुद्धा टँकरनं येत होतं.

आज माझ्या पगाराच्या पावतीवर माझं नाव आहे, पण त्यातला निम्मा पगार तिचा आहे असं मी धरतो.

ग्वाल्हेरी
वाचून गलबलून आलं. एक शंका, बालाघाट म्हणजे आपल्या मध्य प्रदेशातला ना? तिकडे तर भाताची शेती आणि भरपूर पाऊस.

बालाघाटचा_पोर
नाही हो काका, बीड जिल्ह्यातून जाते ती बालाघाटची डोंगररांग. इंदूरला आल्यापासून हा घोळ दर महिन्याला एकदा होतो. :)

बालरोग_धार
मी मूळची इंदूरची, धार जिल्ह्यात मुलांची डॉक्टर आहे. ताई, तुम्ही मुलीबद्दल विचारलंत, मी आधी तिच्या भावाबद्दल विचारते. किती महिन्यांचा आहे? दंड मोजला का कुणी?

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर ते तीव्र कुपोषण. ११.५ ते १२.५ च्या मध्ये असेल तर मध्यम. अंगणवाडीत लाल-पिवळ्या-हिरव्या रंगांची पट्टी असते, एका मिनिटाचं काम आहे.

दुष्काळात मूल उपाशी दिसत नाही, म्हणून फसायला होतं. पोट भरलेलं असतं, पण नुसत्या मक्याच्या भाकरीनं. ताटातली डाळ आधी जाते. मग बकरी विकली जाते, तिच्याबरोबर दूध जातं. मग आई कामाला लागते, म्हणजे अंगावरचं दूध दिवसातून दोन वेळांवर येतं. साठवलेलं पाणी पिऊन जुलाब सुरू होतात आणि खाल्लेलंही अंगी लागत नाही. पोटात आल्यापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे हजार दिवस उंचीच्या आणि मेंदूच्या वाढीला सगळ्यांत मोलाचे. त्या काळात दोन पावसाळे कोरडे गेले, तर खुंटलेली उंची पुढे बरीचशी तशीच राहते. म्हणून 'नेमेचि येणारा' दुष्काळ मला एखाद्या मोठ्या दुष्काळाहून जास्त छळतो. मोठ्या दुष्काळात मदतीच्या गाड्या तरी येतात.

पोषण पुनर्वसन केंद्रात आम्ही असं मूल साधारण १४ दिवस ठेवतो. बुडलेल्या मजुरीपोटी आईला थोडे पैसेही मिळतात. तरी पाचव्या-सहाव्या दिवशी आई म्हणते, मला जाऊ द्या. का? घरी आणखी दोन मुलं आहेत आणि त्यांना बघायला आहे ती आठ वर्षांची पोर. मागच्या वर्षी एक बाई रात्री न सांगता निघून गेली. बाळाचं वजन दोनशे ग्रॅमनं वाढलं होतं, तिनं सिस्टरला सांगून ठेवलं होतं, "आता बरा आहे." मी दुसऱ्या दिवशी तिथल्या आशाताईंना (आरोग्य कार्यकर्तीला) घेऊन तिच्या पाड्यावर गेले तर खोपीला काटेरी झाप लावलेला. शेजारी म्हणाले, सगळे सुरतेला गेले.

आजोबा_बहात्तर
डॉक्टरबाई, 'आधी डाळ, मग बकरी' हे तुमचं वाचलं आणि बहात्तर साल आठवलं. तेव्हा मी दहा वर्षांचा, अहमदनगर जिल्ह्यात. त्या आधीची दोन वर्षंही ओढगस्तीचीच होती, बहात्तरला कडेलोट झाला. आई-वडील दोघं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला. आम्ही मुलं बाभळीच्या सावलीत. बारीक कच उडून डोळ्यात जाई, म्हणून आई डोक्यावरचा पदर कपाळावर ओढून घण मारायची. रेशनला अमेरिकेतून आलेला मिलो, लाल रंगाची ज्वारी. भाकरी थापताना तुटायची. आणि मुलांना सुकडी.

आमचं कुटुंब जगलं ते गावाजवळ काम मिळालं म्हणून. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून महाराष्ट्रात रोजगार हमी आली, १९७७ ला कायदा झाला, पुढे २००५ मध्ये देशभराचा कायदा आला तो त्याच वाटेनं. काम गावापासून पाच किलोमीटरच्या आत मिळालं तर पोर रात्री आपल्या घरी झोपतं आणि सकाळी आपल्या शाळेत जातं. माझी शाळा त्या वर्षी एक दिवस बुडाली नाही. त्याचं श्रेय मी माझ्या हुशारीला कधी दिलं नाही, त्या खडीला देतो.

फरक एवढा की तेव्हा अन्नाचा दुष्काळ होता, पाणी थोडं का होईना आडात होतं. आता रेशनला धान्य मिळतं, पण आडात पोहरा नुसता आपटतो.

मावशी_पलसीकर
आजोबा, सुकडी म्हणजे तीच का, गूळ घालून भाजलेल्या पिठाची? माझी आई करायची आणि म्हणायची, दुष्काळात शाळेत वाटायचे.

आजोबा_बहात्तर
हो, तीच. आम्ही ती फडक्यात बांधून घरी न्यायचो, धाकट्यांसाठी. वाटेत निम्मी संपायची. चव अजून जिभेवर आहे. नातवंडांना करून दिली तर त्यांना आवडली नाही, याचा मला आनंदच झाला.

निवृत्त_अभियंता
पाण्याच्या खात्यात नोकरी गेली, म्हणून थोडं पाण्याबद्दल.

आपण इंदूरकर नळ सोडतो तेव्हा जे येतं ते सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून, नर्मदेतून उपसून, घाट चढवून आणलेलं. पहिला टप्पा १९७८ चा. शहराला पाऊस चुकला तरी नर्मदा आहे. डोंगरउतारावरच्या फाळ्यांना (वस्त्यांना) तसं काहीच नाही. झाबुआ-अलीराजपुरात पाऊस पडतो, पण उतार तीव्र आणि मातीचा थर पातळ, त्यामुळे पाणी थांबतच नाही. डोंगरावरची झाडी गेली तेव्हापासून तर चार तासांत नाल्याला. त्यामुळे 'मालव धरती गहन गंभीर, डग डग रोटी पग पग नीर' हे तिथल्या माणसाला कधी लागू नव्हतंच. आणि आता मालव्यालाही नाही. १९९० मध्ये देवासला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं. लातूरची गाडी सगळ्यांना आठवते, २०१६ ची, देवास विसरतात.

त्याच देवास जिल्ह्यात २००६ पासून तेव्हाचे जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी शेतकऱ्यांना स्वतःच्या जमिनीत तळी खोदायला लावलं. 'रेवासागर' नाव. बोअर खणत बसण्यापेक्षा शेताचा एक भाग तळ्याला द्या, हा साधा हिशेब. टोंकखुर्दकडे मी स्वतः पाहून आलोय. पाणी डिसेंबरपर्यंत टिकलं की हरभरा-गहू होतो, आणि रब्बी झाली की घर हलत नाही. ताईंच्या पुस्तकाची कोरी पानं आणि तळ्यातलं डिसेंबरचं पाणी ही एकच गोष्ट आहे असं मला वाटतं.

झाबुआतही भिलांची हलमा नावाची पद्धत आहे, गावावर अडचण आली की सगळ्यांनी मिळून विनामोबदला काम करायचं. त्यातून हाथीपावाच्या टेकडीवर हजारो चर खोदले गेलेत. तेव्हा 'दया' हा शब्द त्यांच्याबाबतीत वापरू नये, एवढी विनंती.

आणखी एक. विहिरी आटल्या की बोअर खोल जातात, आणि झाबुआ-धारच्या काही पट्ट्यांत खोल पाण्यात फ्लोराइड आहे. लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर गेलं की मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे येतात, फार झालं तर हाडं वाकतात. पाऊस पुढच्या वर्षी परत येतो, पण वाकलेली हाडं सरळ होत नाहीत. ताई, त्या मुलीचे दात बघा.

पोहे_सेव_लिंबू
'डिसेंबरचं पाणी' हे मनात राहील, काका.

सरळसोट
बालाघाटचा_पोर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. फेडीचं गणित मला असं कुणी सांगितलं नव्हतं. काल माझ्या साइटवरच्या एकाला विचारलं. तीन वर्षांपूर्वी मका करपला तेव्हा बायकोची चांदीची कडी गहाण टाकली, ती अजून सावकाराकडे आहे. महिना शेकडा तीन. दरवर्षी व्याज भरतो, मुद्दल तिथंच. दापा-दारूबद्दल माझं म्हणणं मी मागे घेत नाही, ते पाहिलेलं आहे. पण कारणांच्या यादीत ते पहिलं नव्हे, हे मान्य.

माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. बांधकाम मजुरांचा १९९६ चा कायदा, जो २०२५ पर्यंत होता, म्हणायचा, पन्नासाहून जास्त बायका कामावर असतील तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर हवं. मोठ्या टाउनशिपला ठीक. ताईंच्या समोर आहे तशा प्लॉटवर बायका असतात तीन-चार. अशा दहा साइट एका कॉलनीत असतात, एकूण बायका चाळीस, आणि पाळणाघर एकही नाही. दहा ठेकेदारांनी मिळून एक खोली आणि एक बाई ठेवली तर प्रत्येकाच्या अंगावर फार येत नाही. मी बोलून बघतो.

झेडपी_मास्तरीण
उस्मानाबादला (आता धाराशिव) अठरा वर्षं शिकवते आहे. माहेर इंदूरचं, रामबागेतलं, म्हणून इथं येऊन वाचते. दिवाळीनंतर माझ्या वर्गात पटावर ३४ आणि समोर १९ हे मी कित्येकदा पाहिलंय. परत येणारी मुलं मार्चमध्ये मागच्या बाकावर बसतात, कारण पुढच्या बाकावरच्यांना जे येतं ते त्यांना येत नाही. पुढच्या वर्षी आणखी मागे, आणि पाचवीनंतर दिसतच नाहीत. त्यांना कुणी शाळेतून काढलेलं नसतं.

ताई, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: होय, घाला. शिक्षण हक्क कायद्यात (२००९) स्पष्ट आहे, दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाही. मुख्याध्यापकांनी टाळाटाळ केली तर कलम ५ आणि कलम १४ एवढं शांतपणे म्हणा. आमच्याकडे जाणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड देतात, किती शिकून झालं त्याची नोंद असते, पुढची शाळा तिथून सुरू करते. तिकडे तसं नसेल तर गावच्या गुरुजींना फोन करून कुठल्या प्रकरणापर्यंत झालंय ते विचारा आणि नाव काय करायचं तेही त्यांच्याशीच बोला. शिष्यवृत्तीची भीती त्यांनीच घालवली तर आईला पटेल.

जेवणाचंही बघा. २०१६ च्या दुष्काळात सर्वोच्च न्यायालयानं दुष्काळी भागातल्या शाळांमध्ये उन्हाळ्याच्या सुट्टीतही दुपारचं जेवण द्यायला सांगितलं होतं. त्या मे महिन्यात मी रोज शाळा उघडली. खिचडीला यायची ती मुलं, पण पाटीही घेऊन यायची. मला तर वाटतं, यापेक्षा हंगामी वसतिगृह जास्त चांगलं. मूल आपल्याच गावात, आपल्याच शाळेत राहतं. शहरातली शाळा म्हणजे तात्पुरती सोय.

बालाघाटचा_पोर
मास्तरीणबाई, तुमच्याबद्दल आदर आहे, पण वसतिगृहाशी सहमत नाही, निदान दहा वर्षांखालच्या मुलीसाठी नाही. मी आजीजवळ राहिलो. आजी चांगली होती, तरी रात्री मी दाराकडे तोंड करून झोपायचो. सहा महिने आईचा आवाज नाही, तेव्हा फोन कुठे होते. मोठ्या मुलांना वसतिगृह ठीक. लहान पोरगी आईजवळच असावी, आणि शाळा तिच्या मागून जावी. साखर कारखान्यांजवळच्या साखरशाळा त्यासाठीच तर निघाल्या होत्या.

झेडपी_मास्तरीण
तुम्ही भोगलंय, मी फक्त शिकवलंय. पण आईजवळ राहिलेली मुलगी शाळेत जात नाही, बाळ सांभाळते, हेही तुम्हीच वर लिहिलंय ना? माझ्या वर्गातून गेलेल्या मुली मी मोजल्यात. मुलगे परत येतात, मुली कमी येतात.

बालाघाटचा_पोर
हो. याला माझ्याकडे उत्तर नाही.

बालरोग_धार
म्हणून तर म्हणते, आधी बाळाची सोय करा, मुलगी आपोआप मोकळी होईल. त्या वस्तीला लागणाऱ्या अंगणवाडीत बाहेरगावच्या मुलांचीही नोंद होते, पोषण आहार मिळायला हवा. आणि त्यांचं गावचं रेशनकार्ड इंदूरलाही चालतं, अंगठा लावून इथल्या दुकानातून धान्य उचलता येतं. पुष्कळांना हे माहीतच नसतं.

राजेंद्रनगरकर
सगळ्यांचे मनापासून आभार. अकरा दिवसांनी लिहिते आहे, कारण तेवढे लागले.

आधी बाळ. चौदा महिन्यांचा आहे. अंगणवाडीताईंनी पट्टी लावली, ११.८ आली, पिवळ्यात. वजनाच्या काट्यावर बसवला तर बहिणीचं बोट सोडेना. नोंद झाली, आहाराचं पाकीट मिळालं. ताई सकाळी नऊ ते एक ठेवून घ्यायला तयार झाल्या, पण त्यांच्याकडे आधीच पुष्कळ मुलं आहेत. दुपारी आमच्या गल्लीतल्या दोघी आळीपाळीनं बघतो आहोत. सरळसोट यांनी खोलीचं मनावर घेतलं तर बरं होईल.

दात पाहिले. पुढच्या दोन दातांवर तपकिरी पट्टे आहेत. आईच्या दातांवर नाहीत. आई म्हणाली, आमच्या वेळी विहीर होती, हातपंप हिच्या जन्माच्या आदल्या वर्षी लागला.

शाळा. पहिल्या ठिकाणी म्हणाले, दाखला आणा, मग बघू. मी कलम ५ म्हटलं, आवाज थोडा कापला माझा, पण म्हटलं. तरी त्यांनी एप्रिलमध्ये या म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या शाळेतल्या बाईंनी काही न विचारता वर्गात बसवून घेतलं. गावच्या गुरुजींशी फोनवर बोलणं झालं. तिचं नाव काढल्याबरोबर त्यांनी विचारलं, "धाकटा कसा आहे?" ती शाळेत त्यालाच कडेवर घेऊन यायची म्हणे.

रोज संध्याकाळी अर्धा तास माझ्याकडे येते. पुस्तकाचं आठवं पान आणि ऐंशीवं पान एकदमच चाललंय. भागाकाराला आम्ही शेंगदाणे घेतले. बारा शेंगदाणे, तीन वाट्या. तिनं प्रत्येक वाटीत तीन-तीन टाकले आणि तीन हातात ठेवले. म्हटलं, हे कुणाचे? तर म्हणाली, म्हातारीचे, ती गावी आहे.

भगोरियाला जातील तेव्हा परत येतील की नाही सांगता येत नाही. वडील म्हणतात, इथलं काम संपत आलंय, पुढचं कदाचित बडोद्याला. म्हणून दोन विनंत्या. बडोद्यातलं कुणी इथं असेल तर कृपया व्यक्तिगत निरोप करा. आणि तिसरी-चौथीची हिंदी माध्यमाची जुनी पुस्तकं कुणाकडे असतील तर हवी आहेत. या गल्लीतल्या साइट धरून शाळेच्या वयाची अकरा मुलं आहेत, काल मोजली.

पोहे_सेव_लिंबू
माझ्या मुलाची तिसरी-चौथीची दोन्ही आहेत. रविवारी सकाळी घेऊन येतो. पत्ता निरोपात पाठवा.

निवृत्त_अभियंता
बडोद्याला अलकापुरीत माझी पुतणी शिक्षिका आहे. तिला आजच विचारतो.